सँटोरिनीची वाइन वाचायला शिका: आधी पाणी कुठून येतं ते विचारा

द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाला सँटोरिनीच्या बागेचा फोटो दाखवला, तर तो पहिल्यांदा विचारतो, "बाग कुठंय?" राखाडी, भुसभुशीत जमीन. तारा नाहीत, अँगल नाहीत, मांडव नाही. मधून मधून जमिनीला टेकलेली हिरवी घरटी दिसतात. ते घरटं म्हणजेच वेल. निफाडकडच्या आमच्या एका काकांनी फोटो बघून निकाल दिला होता: "भोपळ्याचे वेल दिसतात, तेही पाण्यावाचून सोडलेले."

वाइन नव्यानं प्यायला लागलेली मंडळी नेहमी विचारतात, माती आणि हवेचा वाइनवर परिणाम होतो म्हणजे नक्की काय होतं? बाटलीमागे ‘टेरुआर’ (जागेची माती-हवा-पाणी) हा फ्रेंच शब्द छापलेला असतो आणि तो वाचून कुणालाच काही कळत नाही. मी उत्तर देताना ग्रीसचं हे बेट घेतो. जागा लहान, मुख्य जात एक, माती विचित्र, पाऊस नावापुरता. सगळं टोकाचं असल्यामुळे कशामुळे काय झालं हे उघड दिसतं. इथं जे प्रश्न विचारायला शिकाल, ते पुढे कुठल्याही प्रदेशाच्या बाटलीला विचारता येतील.

पायरी १: नकाशा उघडा, वाइन नंतर

उपग्रहाच्या नकाशावर सँटोरिनी शोधा. एजियन समुद्रात, क्रीटच्या उत्तरेला. ग्रीक लोक बेटाला थिरा असंही म्हणतात. आकार चंद्रकोरीसारखा, कारण मधला भाग जागेवर नाही. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी इथं प्रचंड ज्वालामुखी-उद्रेक झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि समुद्र आत शिरला. त्या खोलगट भागाला काल्देरा म्हणतात. पर्यटकांच्या फोटोंतली पांढरी घरं आणि निळे घुमट याच काल्देराच्या कड्यावर आहेत.

तुम्ही मात्र कड्याकडे पाठ करा आणि पूर्वेकडच्या उताराकडे बघा. पिर्गोस, मेगालोखोरी, एपिस्कोपी गोनिया, उत्तरेला ओइया, दक्षिणेला आक्रोतिरी ही गावं हेरून ठेवा. पुढे लेबलांवर ही नावं भेटतील. प्रोफितिस इलियास हा ५६७ मीटरचा डोंगर बेटावरचा सर्वांत उंच. गंमत म्हणजे तो ज्वालामुखीचा नाही, चुनखडक आणि संगमरवराचा आहे. उद्रेकाच्या कितीतरी आधीपासून तो तिथं उभा आहे.

पायरी २: पाण्याचा हिशेब मांडा

ही पायरी घाईनं ओलांडू नका. माझ्या मते मातीबद्दल जे काही बोललं जातं त्यातलं निम्मं खरं तर पाण्याबद्दलच असतं.

सँटोरिनीत वर्षाला साधारण ३०० ते ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. आटपाडी-माणचा दुष्काळी पट्टा डोळ्यांसमोर आणा. पण मोठा फरक आहे तो वेळेचा. भूमध्य समुद्राकाठचा पाऊस हिवाळ्यात पडतो. वेल मार्चच्या सुमारास फुटतो आणि घड ऑगस्टमध्ये काढतात. मधल्या काळात, म्हणजे मणी भरतात आणि त्यांत पाणी उतरतं त्या दिवसांत, आभाळातून जवळजवळ थेंब येत नाही.

आपल्याकडे नेमकं उलटं आहे. नाशिकचा पाऊस जून ते सप्टेंबर. वेल थंडीत झोपत नाही, म्हणून आपण त्याला कात्रीनं वळण लावतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी (घडांसाठी), आणि माल जानेवारी ते मार्च. आपला शेतकरी अवकाळीला आणि डावणी या बुरशीरोगाला घाबरतो. सँटोरिनीचा शेतकरी वाऱ्याला आणि तहानेला घाबरतो. दोघं एकमेकांशेजारी बसले तर एकाच पिकाबद्दल बोलत आहेत असं वाटायचं नाही.

मग उन्हाळाभर वेल जगतो कशावर? रात्री समुद्रावरून दमट हवा आणि धुकं वर येतं. जमिनीतला प्युमिस, म्हणजे अंघोळीच्या वेळी टाच घासायला आपण वापरतो तो सच्छिद्र दगड, ती ओल शोषून घेतो आणि दिवसा हळूहळू सोडतो. हिवाळ्यातलं पाणीही तो पोटात धरून ठेवतो. शिवाय मुळं खोल गेलेली असतात. अलीकडे काही बागांत ठिबक आलंय, पण परंपरा कोरडवाहूच.

याच जमिनीत तिथली छोटी चेरी टोमॅटोची जात आणि ‘फावा’ नावाची पिवळी डाळ पिकते. ही फावा वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं आपल्या विदर्भातल्या लाखेची चुलत बहीण आहे. तहान सोसणारी पिकं सगळीकडे एकाच घराण्यातली निघतात की काय, असं वाटून जातं.

पायरी ३: माती म्हणजे राख, आणि राखेचं वय

स्थानिक शेतकरी जमिनीला ‘आस्पा’ म्हणतात. ज्वालामुखीची राख, प्युमिस, लाव्ह्याचे तुकडे आणि वाळू यांचं मिश्रण. सेंद्रिय अंश नगण्य. चिकणमाती जवळपास शून्य. ही राख चुन्यात मिसळली की पाण्याखालीही घट्ट धरणारा लगदा होतो. एकोणिसाव्या शतकात सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी ती इथून जहाजं भरून गेली.

आता नाशिककर म्हणेल, आमचीही जमीन ज्वालामुखीचीच आहे की! बरोबर आहे. दख्खनचा काळा पाषाण लाव्ह्याचाच. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इतक्या काळात ऊन-पावसानं त्याची झीज होऊन चिकण काळी माती झाली: पाणी धरणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी, निचऱ्याला त्रास देणारी. म्हणून आपण द्राक्षाला मुरमाड, हलकी जमीन शोधतो. सँटोरिनीच्या राखेला अजून चिकणमाती व्हायला वेळच मिळालेला नाही. तेव्हा ‘ज्वालामुखीच्या जमिनीतली वाइन’ असं बाटलीवर दिसलं, की ज्वालामुखी किती जुना आणि तिथं पाऊस किती, हे दोन प्रश्न विचारा. सिसिलीतला एटना हाही ज्वालामुखीच, पण तिथल्या बागा हजार मीटरच्या आसपासही चढतात आणि पूर्वेच्या उतारावर चांगला पाऊस पडतो. तिथली नेरेल्लो मास्कालेझे ही तांबडी जात नाजूक, फिकट रंगाची वाइन देते. आग एकच, पण हवा-पाणी वेगळं.

चिकणमाती नसण्याचे दोन मोठे परिणाम लक्षात ठेवा.

पहिला: फायलोक्सेरा. मुळांचा रस शोषणारी ही बारीक कीड अमेरिकेतून आली आणि १८६० च्या दशकापासून तिनं युरोपच्या बागा उद्ध्वस्त केल्या. तेव्हापासून युरोपात बहुतेक ठिकाणी ही कीड सोसणाऱ्या अमेरिकन वेलाच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, कलम करूनच वेल लावतात. (आपणही डॉगरिज खुंट वापरतो, पण मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी.) वाळूसारख्या भुसभुशीत राखेत ही कीड टिकत नाही. म्हणून सँटोरिनीचे वेल आजही स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. नवा वेल हवा असेल तर जुन्याची काडी जमिनीत पुरून दाब कलम करायची आणि मुळं धरली की तोडायची.

दुसरा: पोटॅशियमचा दुष्काळ. मण्यात पोटॅशियम जास्त असलं की ते द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाला बांधून खाली बसवतं आणि रसाचा आंबटपणा उतरतो. आस्पात पोटॅशियम कमी, म्हणून रस आंबट राहतो. ‘मातीची चव वाइनमध्ये उतरते’ म्हणतात, ती खऱ्या अर्थानं अशी उतरते. दगड विरघळून ग्लासात येत नाही. मातीत काय आहे यापेक्षा काय नाही, हे इथं जास्त बोलतं.

पायरी ४: वेलाचा आकार बघा

मेल्तेमी हा उन्हाळी उत्तरवारा एजियनमध्ये दिवसेंदिवस सुटतो. भुसभुशीत राख घेऊन तो घोंघावतो तेव्हा कोवळी फूट सोलून निघते. उंच मांडव घातला तर पहिल्याच हंगामात आडवा होईल. म्हणून काड्या दरवर्षी गोल गोल विणत वेलाची टोपलीच करतात. या वळणाला ‘कुलूरा’ म्हणतात. आपल्या डोळ्यांसमोर चटकन येईल अशी उपमा म्हणजे हंड्याखालची चुंबळ. घड आतल्या बाजूला वाढतात: वाऱ्यापासून आडोसा, उन्हापासून पानांची सावली, आणि रात्रीची ओल त्या खळग्यात जरा जास्त वेळ टिकते.

काही दशकांनी टोपली थकते. मग ती मुळाजवळ छाटतात आणि त्याच जुन्या मुळावर नवी फूट धरतात. असं पुन्हा पुन्हा केल्यानं काही वेलांची मुळं शेकडो वर्षं जुनी आहेत. डोळ्याला दिसतो तो वेल तरुण आणि जमिनीखाली मात्र आजोबांचे आजोबा.

हे सगळं काम वाकून, गुडघ्यावर बसून, हातानं करावं लागतं. यंत्र चालत नाही. वेलामागे उतारा अगदी कमी. वर हॉटेलवाले जमिनीला वाटेल तो भाव द्यायला तयार. बाटली महाग का, याचं उत्तर इथं आहे. युरोपातच चांगली बाटली ३० युरोंच्या वर सहज जाते. मला विचाराल तर ती किंमत रास्त आहे. पण पहिल्या बाटलीलाच एवढे पैसे घालायची गरज नाही. त्याबद्दल पुढे येईल.

पायरी ५: जातीची ओळख

बेटाची राणी असिर्तिको. पांढरी जात. तिचा विशेष असा की गरम हवेत साखर भरपूर भरते, तरी आंबटपणा जात नाही. एरवी उष्ण प्रदेशात मण्यातलं मॅलिक आम्ल, म्हणजे कच्च्या सफरचंदाचं आम्ल, उन्हात जळून जातं आणि वाइन पचपचीत होते. असिर्तिकोचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा आहे आणि ते उष्णतेला दाद देत नाही. मातीनं हात दिला हे खरं, पण मूळ गुण जातीचा. नवशिक्यांची पहिली चूक इथंच होते: सगळं श्रेय मातीला देऊन टाकतात.

सोबतीला अथिरी (मवाळ) आणि आयदानी (फुलांच्या वासाची). तांबड्यांत मावरोत्रागानो आणि मांदिलारिया. तांबड्या जाती सध्या बाजूला ठेवल्या तरी चालेल.

पायरी ६: लेबल

तीन शब्द ओळखा. नुसतं ‘सँटोरिनी’ म्हणजे कोरडी (गोड नसलेली) पांढरी वाइन, बहुतांश किंवा पूर्ण असिर्तिको. ‘निख्तेरी’ हा शब्द रात्रीवरून आलाय. द्राक्षं तोडली त्याच रात्रीत चिरडून रस काढायची जुनी पद्धत. ही वाइन लाकडी पिंपात मुरते आणि अंगानं भरदार असते. ‘विन्सांतो’ म्हणजे गोड: घड उन्हात दहा-पंधरा दिवस वाळवायचे, मग रस काढून वाइन किमान दोन वर्षं पिंपात ठेवायची. तासगावचा बेदाणा सावलीच्या शेडमध्ये रॅकवर वाळतो. इथं उघड्या उन्हात, जमिनीवर. इटलीतही जवळपास याच नावाची गोड वाइन मिळते, पण तिचं नाव दोन शब्दांत लिहितात. एका शब्दात असेल तर सँटोरिनीची.

पायरी ७: बाटली मिळवणं

भारतात ती क्वचित दिसते आणि आयात शुल्कामुळे महाग पडते. परदेशातून येणारं कुणी ओळखीचं असेल तर सांगून ठेवा. प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आरामात. लंडन, दुबई, न्यू जर्सीत राहणाऱ्यांना अडचण नाही.

एक अनुभव सांगतो. मी एकदा पुण्यातल्या एका दुकानातून असिर्तिको घेतली. बाटली बरेच महिने उभी, दर्शनी काचेत, उन्हाच्या तिरिपीत होती हे दिसत असूनही मोहात पडलो. घरी उघडली तर रंग जुन्या मधासारखा आणि वास भिजलेल्या पुठ्ठ्याचा. तेव्हापासून नियम: आडवी ठेवलेली, गार जागेतली बाटली मागा. नसेल तर बिअर घ्या आणि घरी या.

सुरुवात स्वस्तात करायची तर ग्रीसच्या मुख्य भूमीवरची असिर्तिको घ्या; आता ती अथेन्सजवळच्या अत्तिकात आणि उत्तरेला द्रामा भागातही पिकते. ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीमध्ये जिम बॅरी यांच्या वायनरीनं ती लावली आहे. आणि खरं तर शिकायची उत्तम रीत हीच: एकच जात, दोन जमिनी. मुख्य भूमीवरची बाटली बहुधा जास्त फळाळ लागेल, बेटावरची जास्त आखडलेली, खारट कडेची. दोन्ही शेजारी ठेवून प्यायल्यावर जे कळतं, ते दहा लेख वाचून कळत नाही, माझा हा धरून.

पायरी ८: जीभ तयार करा

बाटली उघडायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात हा प्रयोग करा. चार पेले घ्या. एकात पातळ चिंचेचं पाणी, दुसऱ्यात लिंबाचं, तिसऱ्यात कच्च्या हिरव्या सफरचंदाचा रस, चौथ्यात पातळ ताक. साखर-मीठ काही नको. एकेक घोट तोंडात धरा. आंबटपणा जिभेच्या कुठल्या भागावर बसतो आणि किती वेळ राहतो ते बघा. चिंचेत असतं तेच टार्टारिक आम्ल द्राक्षात असतं. असिर्तिको पिताना कडांना बसणारा तो लांबट, ताठ आंबटपणा चिंचेच्या घराण्यातला आहे. लिंबाचा वास येईल, पण चावा चिंचेचा. सफरचंदाचं मॅलिक आम्ल वाइन बनवताना कधी कधी ताकाच्या लॅक्टिक आम्लात बदलू देतात, तेव्हा वाइन मऊ लागते. चौथा पेला त्यासाठी.

आता वाइन. तापमान १० ते १२ अंश. फ्रिजमधून थेट ओतली तर थंडीपलीकडे काही कळणार नाही. वीस मिनिटं बाहेर ठेवा, पुण्या-नागपुरात मे महिन्यात दहा पुरेत. ग्लास अर्ध्याहून कमी भरा. वास घ्या: फार काही येणार नाही, आणि घाबरू नका. असिर्तिको वासाची बडबड करणारी जात नाही. लिंबाची साल, ओला दगड, क्वचित धुराची झाक. मग घोट. तीन गोष्टी पाठोपाठ शोधा: आंबटपणा, मद्याची ऊब (ही वाइन बऱ्याचदा १३ ते साडेचौदा टक्क्यांची असते), आणि शेवटी जिभेवर राहणारा किंचित तुरट, खारट थर. उष्ण प्रदेशाची ऊब आणि थंड प्रदेशाचा आंबटपणा एकाच घोटात भेटणं विरळा आहे.

नोंद करताना ‘खनिज चव’ असे शब्द वापरायचे तर वापरा, पण ती उपमा आहे हे ध्यानात ठेवा. मी वहीत ‘पाऊस पडल्यावरची फरशी’ असं लिहितो. मला पुढच्या वेळी ते जास्त उपयोगी पडतं.

सोबत काय

जिथं तुम्ही वर लिंबू पिळता, तिथं ही वाइन चालते. रवा लावून तळलेले बोंबील, सुरमईची तुकडी, कोथिंबीर वडी. झणझणीत कालवणाबरोबर मात्र नको. मद्य तिखटाला आणखी पेटवतं. सोलकढीही त्या जेवणात नको, दोन आंबट एकमेकांना मारतात. विन्सांतोबरोबर भाजलेले बदाम किंवा खारट चीज द्या. पुरणपोळीचा मोह होईल, पण पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन बिचारी आंबट पाणी वाटू लागते.

तिकडे जाणार असाल तर

काढणी बघायची तर ऑगस्टच्या पूर्वार्धात जा. गर्दी आणि भाव सोसायची तयारी ठेवा. कुलूरा कशी विणतात ते बघायचं तर हिवाळ्यातल्या छाटणीच्या दिवसांत जा. तेव्हा काल्देराच्या कड्यावर शांतता असते आणि शेतकऱ्याला बोलायला वेळ असतो. वोथोनासला जमिनीखालच्या गुहेत वाइनचं संग्रहालय आहे. जुन्या पिंपांसाठी आणि घाण्यांसाठी ते बघावं. बागांना कुंपण नसतं, म्हणून फोटोसाठी आत शिरू नका. पायाखाली नुसती राख वाटते, पण जमिनीलगत पसरलेली ती काडी कुणाची तरी पुढच्या वर्षीची टोपली असते.

घरी उघडलेली बाटली एका बैठकीत संपवायची सक्ती नाही. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच एक ग्लास ओता. आखडलेली असिर्तिको रात्रीत बरीच मोकळी होते. आदल्या दिवशीची नोंद शेजारी ठेवून ताडून बघा.